पाण्याखालच्या फोटोसाठी हाउसिंग आणि स्ट्रोब: घेताना काय बघायचं

ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या धरायची, सकाळी कुडाळला उतरायचं आणि मालवण-तारकर्लीच्या पाण्यात शिरायचं, हा आपल्याकडच्या बऱ्याच डाइव्हरांचा दरवर्षीचा कार्यक्रम असतो. नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप हे दोन-चार वर्षांतून एकदा. कॅमेऱ्याचं हाउसिंग (कॅमेरा कोरडा ठेवणारी पेटी) आणि स्ट्रोब (पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश) घ्यायला निघाल्यावर सगळ्यात आधी हा हिशेब मांडा. कारण या सामानाबद्दल मिळणारा बराचसा सल्ला तीस-तीस मीटर आरपार दिसणाऱ्या निळ्या पाण्यासाठी दिलेला असतो, आणि तो ऐकून घेतलेलं महागडं सामान मालवणच्या हिरवट पाण्यात निम्म्या कामाचं राहतं.

मालवणला कधी तीन-चार मीटरपर्यंतच दिसतं, चांगल्या दिवशी आठ-दहा. पाण्यात बारीक कण सतत तरंगत असतात. अशा ठिकाणी फोटो बिघडतो तो लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्यामुळे. हे मधलं पाणी जितकं कमी कराल तितका फोटो सुधारेल. हाउसिंगचं पोर्ट (लेन्सपुढची काच) असो, स्ट्रोबची ताकद असो की आर्मची (स्ट्रोब धरणाऱ्या दांड्याची) लांबी, प्रत्येक वस्तू घेताना स्वतःला विचारा: हिच्यामुळे मला माशाच्या आणखी जवळ जाता येणार आहे का?

रंगांचं गणितही हेच सांगतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच मीटरच्या आसपास लाल जवळजवळ गेलेला असतो, दहाच्या पुढे नारिंगी, वीसच्या सुमाराला पिवळाही फिका पडतो. स्ट्रोब हा रंग परत आणतो. पण त्याच्या उजेडालाही पाण्यातूनच जावं लागतं, तेही दोनदा: स्ट्रोबपासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत. म्हणजे तीन मीटरवरच्या माशासाठी उजेड सहा मीटर पाणी कापतो, आणि लाल वाटेतच संपतो. कितीही ताकदीचा स्ट्रोब घेतला तरी यात फरक पडत नाही. सोपा अंदाज असा, की जेवढ्या अंतरापर्यंत दिसतंय त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत फोटो काढायचा. चार मीटर दिसत असेल तर ८० सेंटिमीटर. त्यापेक्षा लांबचा मासा नुसता बघा आणि सोडून द्या.

ज्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा ट्राय डाइव्ह करायचीय त्यांनी यातलं काहीही घेऊ नये. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. कोर्स नुकताच झाला असेल तरी निदान २०-२५ डाइव्ह नुसत्या करा. ज्याला पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही त्याच्या फिनने तळाचा गाळ उसळतो. मग स्वतःचा फोटो जातो, मागून येणाऱ्यांचाही जातो. शिवाय तोल जाऊन प्रवाळाला हात टेकला तर ते तुटतं, आणि आपल्याकडची प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहेत.

आधी हाउसिंग बघा, मग कॅमेरा घ्या

हाउसिंग हे मोबाइलच्या कव्हरासारखं असतं: एका मॉडेलचं दुसऱ्याला बसत नाही. कॅमेऱ्याचं एक बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी हाउसिंगची दांडी त्याच्यावर पडत नाही. त्यामुळे फोर्टात बोरा बाजारात जाऊन चांगल्या भावात कॅमेरा उचलायचा आणि मग हाउसिंग शोधायचं, हा क्रम उलटा करा. आधी कोणत्या मॉडेलचं हाउसिंग आज मिळतंय, त्याच्या ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) आणि पोर्ट मिळतायत का, ते पक्कं करा. नव्या कॅमेऱ्याचं हाउसिंग यायला कित्येकदा महिने जातात, काहींचं कधीच येत नाही. उलट दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलला हाउसिंग सहज मिळतं आणि जुना बॉडी स्वस्तात पडतो. पुढेमागे कॅमेरा भिजलाच तर तोच बॉडी परत आणून हाउसिंग वाचवता येतं.

आपल्या पाण्यासाठी सुरुवात करायला छोटा कॅमेरा पुरतो, हे स्पष्ट सांगायला हवं. ओएम सिस्टीमचा टीजी-७ किंवा त्याच्या आधीचा ऑलिम्पस टीजी-६ हे दोन्ही मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतात. म्हणजे मधलं पाणी जवळजवळ शून्य. हे कॅमेरे हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात असं कंपनी सांगते, पण त्या भरवशावर डाइव्ह करू नका. ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचीच मर्यादा १८ मीटर आहे. शिवाय बॅटरीच्या दारात वाळूचा एक कण अडकला की १५चे दोनही राहत नाहीत. दोन्हींना एकच हाउसिंग, पीटी-०५९, बसतं आणि ते ४५ मीटरपर्यंतचं आहे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा पॉलिकार्बोनेटच्या हाउसिंगमध्ये. आयकेलाइट, फँटसी यांची हाउसिंग साधारण ६० मीटरची, सीफ्रॉग्जची बहुतेक ४० मीटरची. स्वस्त हाउसिंग गळतंच असं नाही. फरक पडतो तो बटणांच्या नेमकेपणात आणि सुट्या भागांत. नॉटिकॅमसारखी ॲल्युमिनियमची हाउसिंग १०० मीटरपर्यंत जातात, प्रत्येक बटण बोटाखाली येतं, पण किंमत कॅमेऱ्याच्या बॉडीएवढी किंवा जास्त, आणि पोर्ट वेगळं. वर्षाला दहा-बारा डाइव्ह करणाऱ्याने तिथे पैसे अडकवण्यापेक्षा स्ट्रोब आणि आर्मवर खर्च करावा. एकूण पैशांपैकी निदान तिसरा हिस्सा उजेडासाठी राखून ठेवा.

ॲक्शन कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: गोप्रो हीरोची अलीकडची मॉडेलं उघडी १० मीटरपर्यंत, डाइव्ह हाउसिंगमध्ये ६०. व्हिडिओसाठी उत्तम, पण त्याला स्ट्रोब जोडता येत नाही. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, आपल्या हिरव्या पाण्यात गुलाबी-जांभळट फिल्टर लागतो, आणि दिवा लावला की कुठलाही फिल्टर काढून ठेवायचा.

खोलीचा आकडा नुसता छापलेला बघू नका, तो काय सांगतो ते समजून घ्या. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. १८ मीटरवर हाउसिंगच्या दर चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे १.८ किलोचा जास्तीचा भार पडतो. मागचं दार १५ बाय १० सेंटिमीटरचं असेल तर एकट्या त्या दारावर २७० किलो. हा भार दाराला ओ-रिंगवर आणखी घट्ट दाबतो, म्हणून हाउसिंग खोलवर सहसा गळत नाही. गळतं ते पृष्ठभागाजवळ, पहिल्या काही फुटांत, दाब कमी असताना. होडीवरून कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका, याचं कारणही हेच. आधी उतरा, मग वरून कॅमेरा मागा. हाउसिंगच्या मर्यादेच्या खाली गेलात तर पहिल्यांदा बटणांच्या स्प्रिंग हरतात: बटण आत दाबलं जातं आणि तसंच राहतं. शटर अडकलेला दिसला तर दोन-तीन मीटर वर या.

हातात घेऊन बघण्याची संधी मिळाली तर पकड न सोडता तर्जनी शटरवर आणि अंगठा मागच्या चाकावर पोचतो का, ते बघा. छिद्र (ॲपर्चर), शटर आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ही तीन नियंत्रणं मेन्यूत न शिरता बदलता आली पाहिजेत. कुलूप दोन हालचालींचं असावं, नुसत्या धक्क्याने उघडणारं नको. तळाला ट्रे (मुठी आणि आर्म धरणारी पट्टी) बसवायला दोन स्क्रूची छिद्रं असावीत, एकाच स्क्रूवरचा ट्रे फिरतो. फायबर ऑप्टिक केबलसाठी जागा दोन असाव्यात. पाणी शिरल्यावर वाजणारा सेन्सर आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह हे दोन्ही जादा पैसे देऊन घेण्यासारखे आहेत. व्हॅक्यूम पंपाने आतली थोडी हवा ओढून घेतली आणि अर्ध्या तासाने दिवा हिरवाच राहिला तर सील धरलंय, हे पाण्यात उतरायच्या आधीच कळतं.

पोर्ट: सपाट की घुमट

लेन्सच्या पुढची काच म्हणजे पोर्ट. सपाट काचेतून पाण्याखाली सगळं एक-तृतीयांश मोठं दिसतं आणि लेन्सचा कोन त्या प्रमाणात आकसतो. बारीक जिवांसाठी हे फायद्याचं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा बारीक जीवच टिपायचे असतात. रुंद कोनासाठी घुमटाकार डोम पोर्ट लागतं. ते कोन परत मिळवून देतं, पण त्यातून दिसणारी प्रतिमा घुमटाच्या अगदी पुढ्यात तयार होते, त्यामुळे लेन्सला फार जवळचं फोकस करता आलं पाहिजे. कडा धूसर येतात म्हणून छिद्र बारीक, एफ ८ ते एफ ११, ठेवावं लागतं. घुमट जितका छोटा तितका हा त्रास जास्त.

मालवणसाठी सपाट पोर्ट आणि त्यावर बसणारी ६७ मिलिमीटर आट्यांची क्लोज-अप वेट लेन्स हा सगळ्यात उपयोगी जोड आहे. ती पाण्यातच लावता-काढता येते. लावताना पोर्ट आणि लेन्सच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. मसुराएवढा चकाकणारा गोळा काचेच्या वरच्या कडेला चिकटून बसतो आणि फोटोत धुरकट डाग म्हणून उतरतो. लेन्स अर्धी सैल करून थोडी हलवली की निघून जातो. प्रत्येक वेळी बघा.

स्ट्रोब

स्ट्रोब आणि व्हिडिओ लाइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्थिर फोटोसाठी स्ट्रोबच. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून जातो, त्यामुळे हलता मासाही ठाम उमटतो. सतत जळणाऱ्या दिव्यात तेवढा उजेड मिळवायचा तर दिवा डोळ्यांत घुसतो आणि मासा पळतो. फोकस लागण्यापुरता छोटा दिवा मात्र हवा. बऱ्याच स्ट्रोबमध्ये तो असतोच.

ताकद मोजतात गाइड नंबरने, आणि पेटीवरचा आकडा हवेतला असतो. पाण्याखाली त्याचा साधारण तिसरा हिस्सा धरा. इनॉन एस-२२०चा गाइड नंबर २२, म्हणजे पाण्यात सातच्या आसपास. त्याला एफ ८ने भागलं तर आयएसओ १००वर ९० सेंटिमीटर, आयएसओ २००वर साधारण सव्वा मीटर. इनॉन झेड-३३० किंवा सी अँड सी वायएस-डी३ यांचा नंबर ३३: तोच हिशेब केला तर एफ ८, आयएसओ १००ला सुमारे १.४ मीटर. ८० सेंटिमीटरच्या आत काम करायचं ठरलंय ना, मग २०-२२ नंबरचा स्ट्रोब पुरेसा आहे. अंदमानला रुंद कोनाने प्रवाळाचं मैदान टिपायचं असेल तर ३३चे दोन.

नंबराइतकाच महत्त्वाचा झोताचा कोन. १०० ते १२० अंश पसरणारा मऊ झोत हवा. डिफ्यूझर (झोत पसरवणारं आवरण) लावला की कोन वाढतो, कडेचा कडकपणा जातो, ताकद थोडी घटते. ताकद हाताने कमीजास्त करता येणारं चाक असलंच पाहिजे, नुसता ऑटो स्ट्रोब घेऊ नका. टीटीएल म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड. जवळच्या फोटोत तो बरा चालतो, पण मागे मोकळं पाणी असलं की कॅमेरा फसतो आणि मासा पांढराफटक येतो. हाताने चाक फिरवायची सवय दोन डाइव्हमध्ये लागते.

जोडणी फायबर ऑप्टिक केबलने करा. तिच्यातून फक्त उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे हाउसिंगला भोक नको, ओ-रिंग नको, गळतीचा मार्ग नको. जुन्या पद्धतीच्या विजेच्या सिंक केबलच्या पिनांवर एकदा खारं पाणी लागलं की गंज चढतो. फायबरची एक अट आहे: कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश हवा. अनेक फुल फ्रेम मिररलेसना तो नसतो. तिथे हाउसिंगच्या आत बसणारा एलईडी ट्रिगर वेगळा घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची खिडकी झाकणारी पट्टीही लावलेली असू द्या, नाहीतर तो फ्लॅश लेन्सच्या शेजारूनच कण उजळतो.

स्ट्रोब चमकलेला डोळ्यांनी दिसतो आणि फोटो मात्र काळा, ही नव्या माणसाची सगळ्यात मोठी डोकेदुखी. कारण बहुतेक एकच असतं. कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी मोजमापासाठी एक पूर्वफ्लॅश सोडतो, आणि स्ट्रोब त्यालाच खरा समजून चमकून मोकळा होतो. स्ट्रोबवर पूर्वफ्लॅश सोडून देणारा मोड निवडा किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर टाका. टीजी मालिकेत यासाठी आरसी मोड आहे. दुसरं कारण शटरचा वेग: कॅमेऱ्याच्या सिंक वेगाच्या वर, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५०च्या वर गेलात तर फोटोचा एक पट्टा काळा येतो.

बॅटऱ्या: बहुतेक मध्यम स्ट्रोबना पेन्सिल सेलच्या (एए) आकाराचे चार सेल लागतात. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड घ्या, १९००-२००० एमएएचचे, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. चौकडीवर मार्करने अ, ब असं लिहून ठेवा आणि ती कधी फोडू नका. चारातला एक थकलेला असला तरी स्ट्रोब तयार व्हायला दोनऐवजी सहा सेकंद घेतो, आणि तेवढ्यात मासा निघून गेलेला असतो. साधे अल्कलाइन सेल हळू भरतात आणि आत गळतात. दोन डाइव्हच्या मध्ये होडीवर सेल बदलू नका. ओल्या हाताचा एक थेंब झाकणाच्या आत गेला की हिरवा गंज ठरलेला. रात्री भरलेले चार सेल सावध ताकदीवर दोन डाइव्ह काढतात. झाकण उघडताना तोंड दूर ठेवा, कारण बंद कप्प्यात सेलमधून वायू साचलेला असू शकतो.

एक की दोन? बारीक जिवांसाठी एक पुरतो. दुसरा पुढच्या हंगामात घ्या, पण ट्रे पहिल्यापासून दोन्ही बाजूंना मुठी असलेला घ्या. दोन हातांनी धरलेला कॅमेरा स्थिर राहतो. आर्म एका इंचाच्या बॉल जोडाचे, प्रत्येक बाजूला दोन तुकडे: पाच आणि आठ इंचांचे. लवचीक वाकणारे आर्म टाळा, जड स्ट्रोबखाली ते हळूहळू ओघळतात आणि प्रत्येक फोटोत झोत वेगळ्या जागी पडतो.

स्ट्रोब कुठे धरायचा

सामान कितीही चांगलं असलं तरी फोटो इथे ठरतो. कणांवर उजेड पडला की ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात, जणू माशाभोवती रवा उधळलाय. उपाय असा, की लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्यावर झोत पडूच द्यायचा नाही. त्यासाठी स्ट्रोब पोर्टच्या पातळीच्या जरा मागे ठेवा, बाजूला लांब घ्या आणि तोंड माशाकडे वळवण्याऐवजी थोडं बाहेर फिरवा. झोताचा मधला तेज भाग माशाच्या पलीकडून जातो आणि फक्त त्याची कड माशाला स्पर्श करते. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, कारण स्ट्रोब माशाकडे बघतच नाहीये असं दिसतं. बरोबर आहे, तसाच ठेवा.

पाण्यात मासा आहे त्यापेक्षा चौथाई जवळ दिसतो, हेही लक्षात असू द्या. डोळ्यांच्या अंदाजाने स्ट्रोब वळवला तर झोत माशाच्या अलीकडेच पडतो.

खडकावर अंगठ्याएवढी समुद्री गोगलगाय दिसली तर हिशेब बदलतो. अंतर दहा-पंधरा सेंटिमीटरचं, मध्ये कण मावतच नाहीत. स्ट्रोब पोर्टच्या अगदी शेजारी, वरून ४५ अंशांत आणा. एफ ११ किंवा एफ १६, १/२००, आयएसओ २००, स्ट्रोबची ताकद पाव. मागचं पाणी काळंभोर होतं आणि तिच्या पाठीवरची नारिंगी कड, जी डोळ्यांना राखाडी दिसत होती, ती दिव्यासारखी उजळून निघते. रुंद दृश्यासाठी एफ ८, १/१२५, आयएसओ २०० ते ४००ने सुरुवात करा. लक्षात ठेवायचं एवढंच: मागच्या पाण्याचा रंग शटरने बदलतो, स्ट्रोबने उजळलेला भाग छिद्राने आणि ताकदीच्या चाकाने. पाणी फिकट येतंय, तर १/१२५चं १/२०० करा, माशावरचा उजेड तसाच राहील.

ओ-रिंग

हाउसिंग बुडण्यामागे फुटलेली काच क्वचित असते, बहुतेक वेळा एक केस असतो. दाराच्या खाचेत बसलेल्या काळ्या रबरी कड्यावर आडवा पडलेला, बोटाला न लागणारा केस. दार बंद होतं, कुलूप लागतं, सगळं ठीक दिसतं, आणि त्या केसाच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत येत राहतं.

रात्रीच, खोलीत बसून, पंखा बंद करून हे काम करा. पंख्याने धूळ उडते. हात धुवा, टेबलावर ओला करून पिळलेला कागद पसरा, टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. ओ-रिंग टोकदार वस्तूने काढू नका. दोन बोटांनी कडेने सरकवून फुगवटा आणा किंवा जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. सुईने खाचेवर ओरखडा पडला तर ओ-रिंग बदलूनही ती गळती जात नाही. खाच कापसाने नाही, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. ओ-रिंग दोन बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवा आणि डोळे मिटून फिरवा. वाळूचा कण डोळ्यांच्या आधी बोटांना लागतो. मग तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस घेऊन तिच्यावर पसरवा. ती ओलसर चमकली पाहिजे, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. ग्रीस पाणी अडवत नाही, रबर नीट सरकावं एवढंच त्याचं काम. जास्त झालं तर केस आणि धूळ तेच ओढून आणतं. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीचंच वापरा. काही ओ-रिंग स्वतः सिलिकॉनच्या असतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं तर त्या फुगतात. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल तर अजिबात नको.

बसवताना ओ-रिंग पिळली गेलेली नाही ना, ते साच्याची बारीक रेघ बघून कळतं. दार बंद केल्यावर पारदर्शक हाउसिंगमध्ये दाबलेली ओ-रिंग अखंड काळी पट्टी म्हणून दिसते. पट्टी कुठे तुटली किंवा बारीक झाली तर परत उघडा. सिलिका जेलची पुडी आत टाकताना तिचा कोपरा दारात अडकतो, तोही बघा. बटणांच्या ओ-रिंगना आपण हात लावायचा नाही, त्या दोन-तीन वर्षांनी जाणकाराकडून बदलून घ्याव्या लागतात.

घरच्या घरी चाचणी

पावसाळ्यात आपला समुद्र बंद असतो. सामान घ्यायला आणि तपासायला तेवढे महिने चांगले. बाल्कनीत पाण्याचं पिंप भरा. हाउसिंगमध्ये कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपरात गुंडाळलेलं वजन ठेवा, बंद करा, अर्धा तास बुडवून सगळी बटणं पाण्यातच दाबा. बाहेर काढून पुसा, उघडा, कागद कोरडा हवा. पिंपाची खोली जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे यात फक्त ढोबळ गळती कळते. म्हणून हंगामातली पहिली डाइव्ह हाउसिंग रिकामंच नेऊन करा. होडीवरच्या शिशाच्या तुकड्याला कागद गुंडाळला की झालं.

त्याच पिंपात सगळं सामान जोडून, बॅग मोजायच्या हुकाच्या काट्याला टांगून, पूर्ण बुडवा. काट्यावर दिसेल ते त्याचं पाण्यातलं वजन. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणून तीन लिटर जागा व्यापणारं सामान समुद्रात आणखी ७५ ग्रॅम हलकं होतं. पिंपात ४०० ग्रॅम आलं तर समुद्रात ३२५. एक-दोनशे ग्रॅम असेल तर हात दुखत नाही आणि सुटलं तर ते खालीच जातं, वर उडत नाही. जास्त भरलं तर हवा भरलेले फ्लोट आर्म लावून तेवढं कमी करा. मनगटाला दोरी आणि बीसीडीच्या (डाइव्हरच्या हवा भरायच्या जाकिटाच्या) डी-रिंगला हुक, दोन्ही हवं.

उजेडाचा सराव रात्री अंधाऱ्या खोलीत एखाद्या खेळण्यावर करा. हवेत स्ट्रोब थंड होत नाही, त्यामुळे कमी ताकदीवर दहा-पंधरा फोटो, मग विश्रांती.

दमट हवा आणि प्रवास

घोडबंदरची असो की वाशी-नेरुळची, पावसाळ्यातली हवा लेन्सवर बुरशी चढवते. कॅमेरा, लेन्स आणि स्ट्रोब ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून. काच आतून धुकट होणं हाही याच हवेचा प्रकार. होडीवर बंद केलेल्या हाउसिंगमध्ये दमट हवा कोंडते, ती गार पाण्यात काचेवर बसते. हाउसिंग सकाळी एसीच्या खोलीत बंद करा, तिथली हवा कोरडी असते, आणि होडीवर ओल्या टॉवेलाखाली सावलीत ठेवा.

विमानाने जाताना हाउसिंग बंद करून पाठवू नका. वर हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा दार बाहेर ढकलते. मुख्य ओ-रिंग काढून पिशवीत ठेवा किंवा कुलूप उघडं राहू द्या. लिथियम बॅटऱ्या सुट्या असतील तर केबिनच्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. मर्यादा १०० वॉट-अवरची, १८६५० मापाचा एक लिथियम सेल साधारण १२ वॉट-अवरचा असतो, त्यामुळे अडचण येत नाही.

पाण्याखाली आत थेंब दिसला तर कॅमेरा बंद करा, पोर्ट खाली करून धरा, म्हणजे पाणी पोर्टमध्ये साचतं. आणि नेहमीच्याच वेगाने वर या. कॅमेऱ्यासाठी घाईने वर येणं फुप्फुसांना परवडणारं नाही. वर आल्यावर आधी अंग, हात आणि हाउसिंग पुसा, मग उघडून बॅटरी आणि कार्ड काढा. चालू होतो का बघू, असं अजिबात करू नका.

डाइव्हनंतर हाउसिंग वाळू देऊ नका. मीठ वाळलं की बटणांच्या दांड्यांवर खडे होतात आणि पुढच्या वेळी तेच ओ-रिंग कापतात. बंद हाउसिंग आणि स्ट्रोब गोड्या पाण्यात निदान अर्धा तास बुडवा, प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा. होडीवरच्या सामाईक टबात टाकून निघून जाऊ नका, वरून कुणाचा तरी रेग्युलेटर डोमवर पडतो. हंगाम संपला की मुख्य ओ-रिंग काढून झिपच्या पिशवीत, सेल स्ट्रोबच्या बाहेर, दार न दाबता ठेवलेलं. आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा सेल घालून स्ट्रोब पाच-सहा वेळा चमकवा. आतला कपॅसिटर सहा महिने निजून राहिला तर ऑक्टोबरमध्ये पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने भरत नाही.